तिसरी 'ब'मधली माझी साक्ष

बाई,

तुमच्या शोकसभेत मी तोंड उघडलं नाही याचं सगळ्यांना नवल वाटलं. तुमच्या सूनबाईंनी दोनदा खुणावलं, "सुनंदाताई, बोला की चार शब्द." तीस वर्षं पोलिसात काढलेली, मोर्च्यात भोंग्याशिवाय शेवटच्या ओळीला ऐकू जाणारी ही बया गप्प बसली, म्हणजे हिला दुःख अनावर झालंय असं लोकांनी ठरवून टाकलं. दुःख होतं, खोटं कशाला बोलू. पण गप्प बसले ते दुसऱ्याच कारणानं. मला जे बोलायचं होतं ते आधी एका माणसापुढं बोलायचं होतं, आणि ते बोलल्याशिवाय तुमच्या फोटोपुढं उभं राहायचं माझं धाडस नव्हतं. काल सकाळी कळंब्याला जाऊन बोलून आले. आता तुम्हाला सांगते. मध्येच कुठं हाय-न्हाय आलं तर लाल शाई काढू नका.

कोणापुढं ते तुम्हाला ठाऊकच आहे. राऊमामा. आपल्या जयसिंगपूरच्या शाळेतले शिपाई. बेचाळीस वर्षांपूर्वी तुमच्या टेबलावरचं घड्याळ त्यांनी उचललं, हे मी, आठ वर्षांच्या सुनंदानं, "माझ्या डोळ्यांनी बघितलंय" म्हणून हेडमास्तरांपुढं सांगितलं. त्यांची नोकरी गेली. घड्याळ चोरीला गेलंच नव्हतं. मी काही बघितलं नव्हतं, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत तो माणूस म्हातारा झाला.

आपली गाठ पुन्हा पडली तो दिवस आठवला की अजून कानशिलं गरम होतात. बारा वर्षं झाली त्याला. लहान मुलांचे जबाब घ्यायचं काम नुकतंच माझ्याकडं आलं होतं. मुलांकडं त्यांच्या घरी जायचं, साध्या कपड्यात जायचं, आणि पोरं ज्याच्याशी मोकळी होतील असं एखादं माणूस बरोबर घ्यायचं. कुणीतरी म्हणालं, राजारामपुरीत एक निवृत्त बाई आहेत, पोरं त्यांच्यापुढं पोपटासारखी बोलतात. दार उघडलं तर तुम्ही! मी पाया पडले आणि तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "सुनंदा. तिसरी ब, दुसरा बाक, वेणीला कधी रिबन नाही." मी ती पोपटाची तारीफ सांगितली तर फटकन म्हणालात, "पोपट नको गं बाई. पोपट शिकवलेलंच बोलतो."

चहा झाला. मी तेव्हा नव्या कामाच्या तोऱ्यात होते. म्हणाले, "बाई, माझी पहिली केस तुमच्याच वर्गातली की! राऊमामाला मीच धरून दिलंतं." आणि हसले. तुम्ही हसला नाहीत. कप खाली ठेवलात, पदरानं हात पुसलेत, आणि मला ते घड्याळ आणून दाखवलंत. तीच चौकोनी डायल, तोच तपकिरी पट्टा. बंद पडलेलं.

दशलक्षण पर्वात तुम्ही रोज सकाळी बस्तीत, तुमच्या जैन मंदिरात, जात होता. घड्याळाचा पट्टा कातड्याचा. कातडं आत चालत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी दाराशीच काढलंत आणि पूजेच्या साडीच्या पदरात गाठ मारून ठेवलंत. घरी येऊन ती साडी घडी करून ट्रंकेत गेली, ती पुढच्या भाद्रपदापर्यंत. दुसऱ्या दिवशी वर्गात वेळ बघायला गेलात तर मनगट मोकळं, टेबलही मोकळं. तुम्ही रोज घड्याळ काढून टेबलावर ठेवत होता, म्हणून त्या दिवशीही ठेवलं, ही तुमची शंभर टक्के खात्री. तुमच्या आठवणीवर कुणी संशय घ्यायचा? बाई म्हणतात म्हणजे ठेवलंच असणार. हजेरीचं पुस्तक न्यायला राऊमामा टेबलापाशी आले होते, एवढं मात्र खरं होतं.

आणि मग तुम्ही वर्गाला विचारलंत. ते वाक्य तुम्ही मला बारा वर्षांत कितीदा म्हणून दाखवलंत! "राऊमामा टेबलापाशी आले होते. कुणी कुणी बघितलं?" आपल्या शाळेत पोरांना दोनच उत्तरं शिकवलेली. "कळलं का?" म्हटलं की "होऽऽय बाई." "कुणाला येतं?" म्हटलं की "मीऽऽ." नाही म्हणणाऱ्याला उभं राहावं लागायचं. पन्नास हात वर गेले. माझा सगळ्यात आधी, कारण मला तुमची शाबासकी हवी होती. पहिल्या दिवशी मी सांगितलं, मामा टेबलापाशी आले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, मामांनी काहीतरी उचललं. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांपुढं खाकी बाही, काळपट बोटं आणि उन्हात चमकलेली काच, सगळं साग्रसंगीत. तुम्ही म्हणायचात, "तुझी साक्ष रोज एक नवा दागिना घालून येत होती गं, आणि मी प्रत्येक दागिन्याला वा वा म्हणत होते."

पुढच्या वर्षी ट्रंक उघडली आणि घड्याळ सापडलं. तुम्ही तशाच हेडमास्तरांकडं गेलात, आपली चूक लिहून दिलीत. तोवर माझ्या वडिलांची बदली झाली होती, आम्ही जयसिंगपूर सोडलेलं, मला यातलं काही कळलं नाही. मामांना शोधत तुम्ही कळंब्याला त्यांच्या सासुरवाडीला गेलात. ते काय म्हणाले, ते तुम्ही मला त्यांच्याच शब्दांत सांगितलंत. "बाई, तुमी आला, बरं झालं. पर लोक म्हणत्यात, बाई मोठ्या मनाच्या, शिपायाला वाचवाय खोटं लिहून दिलं. त्या पोरीनं डोळ्यानं बघितलंय न्हवं? ल्हान पोर कशाला खोटं बोलंल?" नोकरी परत देऊ केली तर घेतली नाही. गवंड्याच्या हाताखाली राबले. तुमचं लेखी एकीकडं आणि आठ वर्षांच्या पोरीची साक्ष एकीकडं, आणि जड झाली पोरीची.

हे सगळं ऐकून मी काय म्हणाले, बाई? म्हणाले, "पण मला दिसतंय की!"

आपलं भांडण तिथनं सुरू झालं ते तुमच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, घड्याळं दोन असतील. मी म्हणायची, दुसरं काहीतरी उचललं असेल. एकदा तर म्हणाले, तुमचंच वय झालंय बाई, तुम्हीच घोळ घालताय. तुम्ही शांत. "तुला दिसतंय हे मी खोडत नाही, सुनंदा. मलाही टेबलावर घड्याळ ठेवलेलं आज दिसतं. दिसतं म्हणून ते घडलं असं नसतं." माझं डोकं उठायचं. जबाब घ्यायला माणसं बसवली आहेत, ती दिसलेलंच लिहितात. दिसण्यावरचा विश्वास उडाला तर मी घरी बसून पापड लाटू का?

पण मग तुमचं काम बघितलं. हुपरीची ती सात वर्षांची श्रेया आठवते? भल्या सकाळी गल्लीत तिच्या आजोबांना गाडीनं उडवलं, गाडी पसार. सगळी गल्ली म्हणाली, दुधाची व्हॅन. पोरगीही म्हणाली, "व्हय, दुधाची गाडी." व्हॅनवाल्याला आम्ही आणून बसवलेला, त्याची बायको तान्हं घेऊन ठाण्याच्या पायरीवर. मी पेन काढलं तर तुम्ही माझा हात धरलात. पोरीला विचारलंत, "त्या गाडीवर मोर काढला होता ना गं?" "व्हय." "ड्रायव्हरला लाल टोपी होती ना?" "व्हय." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ती व्हॅन मी स्वतः तपासली होती. मोर कसला न् काय!

मग तुम्ही फतकल मारून जमिनीवर बसलात, सत्तरीला टेकलेल्या गुडघ्यांनिशी, आणि तुमचा तो खेळ काढलात. "तुझं नाव धोंडूबाई ना?" पोरगी बावरली. "सांग की, चुकलं तर चुकलं म्हणायचं. आज बाईंना चुकवायचा दिवस." हळूच आवाज आला, "न्हाय." "मी हुपरीची सरपंच ना?" "न्हाय!" "ह्या पोलीसबाई लई शांत हाईत ना?" "न्हाईऽऽ!" म्हणून ती खिदळली, आणि तुम्ही पण. माझा जीव जळत होता, केस पडलीय आणि या दोघींचं काय चाललंय! नंतर तुम्ही तिला "मला म्हाईत न्हाय" म्हणायला शिकवलंत आणि प्रत्येक वेळी टाळी दिलीत. दुपार सगळी त्यात गेली. शेवटी एवढंच म्हणालात, "मी तिथं नव्हते. मला काहीच ठाऊक नाही. तू सांग." आणि गप्प. मला काही ती शांतता सोसेना, मी तोंड उघडलं तर तुम्ही माझ्या मांडीला असा चिमटा काढलात, चार दिवस काळं-निळं होतं.

पोरगी बोलली. ती ओट्याखाली मांजराचं पिल्लू काढायला शिरली होती. "गाडी मी बघितलीच न्हाय. चाकं बघितली. मोठी. मागं साखळी घासत हुती." कसली साखळी? हे विचारायची तुम्हाला गरजच पडली नाही, पोरगी आपणहून म्हणाली, "पैंजणाची न्हवं, जाड. एक कडी तुटल्याली, म्हणून एकाच अंगानं घासत हुती." हुपरीचं पोर ते! घराघरात आया-बाया चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडत बसलेल्या, तुटकी कडी तिला डोळे मिटून कळते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावात ट्रॅक्टरची ती ट्रॉली सापडली. मागं लोंबणारी साखळी, तुटलेली कडी, सगळं पोरीनं सांगितलं तसंच. ट्रॅक्टरवाल्यानं ती साखळी माझ्या हातात बघितली आणि सगळं कबूल केलं. व्हॅनवाला घरी गेला. मी ठाण्यातच ओरडले, "जिंकलो बाई, जिंकलो!" आणि तुम्ही म्हणालात, "आपण कुठं? ती जिंकली. आपण फक्त तिच्या वाटेत आलो नाही."

त्यानंतर किती पोरं झाली आपली! वकिलांनी उलटंसुलटं विचारलं तरी "मला म्हाईत न्हाय" असं ताठ मानेनं सांगणारी. एका साहेबांनी मला विचारलं होतं, लहान मुलांच्या साक्षीवर किती भरवसा ठेवायचा हो? मी तुमचंच उत्तर फेकलं: "साहेब, आधी विचारणाऱ्यावर किती ठेवायचा ते ठरवा." फार भाव खाल्ला मी त्या वाक्यावर. तुमचं नाव सांगितलं नाही, तेही आज कबूल करते.

मग मी कळंब्याला का गेले नाही? तुम्ही दर दिवाळीला मामांकडं फराळ घेऊन जात होता, आणि दर दिवाळीला मला विचारत होता, "येतेस?" मी म्हणायची, बंदोबस्त आहे. एकदा तुम्हाला तिकडं सोडायला स्कूटरवरून आले, तलावाच्या काठाला स्कूटर थांबवली आणि पुढं जायला पाय उचलेना. तुम्ही म्हणालात, "त्याला माझं ऐकून झालंय गं. त्याला तुझं पाहिजे." माझा पारा चढला. काय काय बोलले मी! म्हणाले, घड्याळ तुमचं, विसरलात तुम्ही, प्रश्न तुम्ही विचारलात, होय म्हणायला तुम्ही शिकवलंत, आणि गुन्हेगार होऊन उभी राहू मी? तुम्ही पाण्याकडं बघत उभ्या होता. म्हणालात, "बरोबर आहे तुझं." एवढंच. वाद घातला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही चालत पुढं गेलात आणि मी स्कूटर वळवून परत आले.

त्याची माफी मी मागितली नाही. भीती वाटत होती मला, बाई. ते चित्र इतकं लख्ख आहे की ते खोटं ठरलं तर माझ्या डोक्यातलं बाकीचं काय काय खोटं असेल, याची भीती. दरोडेखोराला भ्याले नाही मी आयुष्यात, आणि एका खाकी बाहीला भ्याले.

तुम्ही गेलात त्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे काल, मी गणवेश घातला. पोरांकडं कधी घालून जायचा नाही, पण मामांकडं मुद्दाम घातला. सकाळी दहाला त्यांच्या गल्लीत शिरले. मामा दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, त्यांची लेक उंबऱ्यात मेथी निवडत होती. पोलीस बघून तिच्या हातातली जुडी गळली.

"कोण पावणं?" मामांनी डोळ्यांवर हात धरला.

"मामा, मी सुनंदा. जयसिंगपूरची. तिसरी ब."

त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत बघितलं. "म्हंजे ती बघितल्याली पोरगी."

बेचाळीस वर्षं त्या घरात माझं हेच नाव होतं. मी टोपी काढली. म्हणाले, "मामा, मी बघितलं न्हवतं."

"मग सांगितलं कशाला?"

"बाईंनी विचारलं, सगळ्यांनी हात वर केला, मीबी केला. मग सांगता सांगता दिसाय लागलं. आजबी दिसतंय मामा, तुमचा हात, बाही, सगळं. पर त्या दिवशी घड्याळ शाळंत न्हवतंच. म्हंजे मी बघितल्यालं न्हाय. तुमी काय बी घेतलं न्हवतं. माझं चुकलं, मामा."

 तुम्ही शिकवलेलं आठवून मी दात आवळून थांबले, मामांना त्यांचं बोलू दिलं. मग म्हणाले, "मोठ्यानं बोल."

मला वाटलं ऐकू कमी येतं. मी पुन्हा सांगितलं.

"आणि मोठ्यानं. पल्याडच्या घरात दत्तू हाय. माझ्या लेकीच्या सोयरिकीत त्येनंच पाचर मारल्याली, शिपाई चोर हाय म्हणून. त्येला ऐकू जाऊ दे."

बाई, मग मी माझा मोर्च्याचा आवाज काढला. गल्लीच्या मधोमध उभी राहून, पूर्ण गणवेशात: "राऊमामांनी घड्याळ चोरलं न्हवतं! मी बघितलं म्हणून सांगितलं, ते खोटं हुतं! मी काय बी बघितलं न्हवतं!" दारं उघडली, खिडक्या उघडल्या, कुणी नळ तसाच सोडून आलं. दत्तू बाहेर आला, चांगला काठी टेकत. आणि मामा खुर्चीतून उठले, लेकीचा हात झटकला आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, छाती काढून.

एवढ्यावर भागलं नाही. म्हणाले, "चल, डेअरीवर." डेअरीवर गेलो. तिथनं चहाच्या गाड्यावर. तिथनं तालमीच्या कट्ट्यावर. प्रत्येक ठिकाणी, "इचारा की, इचारा पोलिसास्नी!" म्हणून मला पुढं करायचे आणि मी घसा ताणून सांगायची. पोरांची वरात मागं. डेअरीतल्या एका शहाण्यानं विचारलं, "मग खरा चोर कोण हुता?" मामा त्याच्याकडं वळले आणि म्हणाले, "चोर न्हवताच, लेका! चोरीच झाली न्हवती!" आणि जे हसायला लागले, जे हसायला लागले, डोळ्यांतनं पाणी. मीही रडत-हसत होते. माझ्या आयुष्यात आरोपी सुटल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

परत दारात आलो तेव्हा मामा म्हणाले, "बाईस्नी कळीव. खूश व्हतील."

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, बाई. मी सांगितलं. ते खाली, पायरीवरच बसले. लेकीनं पाणी आणलं ते तसंच हातात धरून राहिले. मग म्हणाले, "कागद हाय का? लिही."

मी कागद काढला. एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, माझ्या पदरचा एक शब्द त्यात नाही. तो जबाब असा:

"बाई, घड्याळ सापडल्यावर तुमी पळत आला. दुसरी कुणी आली नसती, गप बसली असती. एवढ्या दिवाळ्या आला. मी तोंडानं कधी बोललो न्हाय, फराळ मात्र सगळा खाल्ला. माझा तुमच्यावर राग हुता. लई हुता. आज शोधला तर गावना. पोरीवरबी न्हाय. ती आली, बोलली, गल्लीनं ऐकलं. आता मला कायबी नको."

जबाब वाचून दाखवला. "बराबर हाय," म्हणाले. अंगठ्यासाठी लेक शाईचा डबा शोधायला लागली तर तिला दटावलं, माझं पेन मागून घेतलं, आणि कागद गुडघ्यावर ठेवून सावकाश, काना-मात्रा न विसरता, आपलं पूर्ण नाव लिहिलं.